आधी वेल, मग मांडव

मे महिन्याच्या शेवटी रोपवाटिकांमध्ये गर्दी व्हायला लागते. रोपांच्या रांगांशेजारी लोखंडी कमानी मांडलेल्या असतात. पांढरा किंवा काळा रंग, माथ्यावर नक्षी, दोन्ही बाजूंना बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या. गिऱ्हाइकाला कमान आवडते, ती टेम्पोत चढते आणि निघता निघता ‘हिच्यावर सोडायला एखादी वेल द्या’ अशी मागणी होते. त्या दिवसांत फुलावर असते बोगनवेल, म्हणून तीच दिली जाते. चार-पाच वर्षांत तिचं खोड मनगटाएवढं होतं, काटेरी फांद्या चहूकडे सुटतात आणि कमान एका अंगाला कलते. मग वेल उतरवल्याशिवाय कमान दुरुस्त करता येत नाही, आणि जुनी बोगनवेल उतरवणं म्हणजे दिवसभराचं काम आणि हातभर ओरखडे.

हा क्रम उलटा हवा. आधी वेल ठरवावी, ती कशी धरते, किती जड होते, तिचं फूल कुठे तोंड करून उमलतं हे पाहावं आणि त्यावरून कमान, जाळी, पर्गोला की नुसती तार हे ठरवावं. परसातल्या भाजीच्या मांडवाला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. घेवड्याला एकेक काठी पुरते, कारल्याला जाळी लागते, पडवळाला डोक्यावरचा मांडव. पडवळ अधांतरी लोंबत वाढलं तरच सरळ होतं. जमिनीला किंवा काठीला टेकलं की त्याचं वेटोळं होतं. तरीही वळायला लागलं तर टोकाला दोऱ्यानं लहानसा दगड बांधतात. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांचंही तसंच. तिथला तारांचा मांडव माणसाचे हात खालून घडापर्यंत पोचतील अशाच उंचीचा असतो. पुढे अनेक बागांमध्ये मांडवाच्या जागी वाय आकाराचे लोखंडी अँगल आले, तेही ऊन, हवा आणि फवारणी घडापर्यंत नीट पोचावी म्हणून. शोभेच्या बागेत मात्र आपण हे शहाणपण बाजूला ठेवतो आणि चित्रात पाहिलेली आकृती आधी उभी करतो.

वेली आधार कसा धरतात यावर चार्ल्स डार्विननं 1865 साली दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आजारपणात खोलीतच राहावं लागत असताना त्यानं जवळ ठेवलेल्या हॉपच्या वेलीचं कोवळं टोक चिकाटीनं न्याहाळलं. उन्हाळ्याच्या दिवसांत ते टोक सरासरी 2 तास 8 मिनिटांत हवेत एक फेरी पूर्ण करतं, अशी नोंद त्यानं केली. हे टोक आधार शोधत फिरतं, आणि काय सापडलं म्हणजे ते धरणार हे जातीजातीप्रमाणे बदलतं. बागेसाठी आधार निवडताना एवढं एक कळलं तरी निम्म्या चुका टळतात.

गोकर्ण, गुळवेल, घेवडा, निळ्या फुलांची पेट्रिया या वेली अख्ख्या खोडानं वळसे घेत चढतात. त्यांना उभा आधार लागतो आणि तो बेताच्या जाडीचा असावा लागतो. अंगठ्यापासून मनगटापर्यंतची जाडी त्यांना मानवते. बंगल्यापुढे फूटभर रुंदीचे विटांचे किंवा जांभ्याचे खांब बांधून त्यांच्या पायथ्याशी अशी वेल लावली, तर कोवळं टोक खांबाला वळसा घालूच शकत नाही. ते थोडं चढतं, सुटतं आणि खाली लोळतं. त्यावर उपाय सोपा आहे. खांबाच्या चारही बाजूंनी, दोन इंच अंतर सोडून, वरपासून खालपर्यंत जी.आय. तार ताणायची. वेल तारेवरून चढते आणि दोन वर्षांत खांब झाकून टाकते.

दुसरा गट तणाव्यांचा. कृष्णकमळ, संक्रांतवेल, लसण्या वेल, गुलाबी फुलांची आइस्क्रीम क्रीपर, द्राक्ष आणि दोडक्या-कारल्याचं सगळं कूळ यात येतं. द्राक्षबागायतदार या तणाव्यांना बाळ्या म्हणतात. तणावा नाजूक असतो, त्याला पेन्सिलीहून बारीक वस्तू लागते. तार, सुतळी, नायलॉनची जाळी, वाळकी काटकी, यांपैकी काहीही चालतं. बाजारात मिळणारी दोन इंची पट्ट्यांची तिरकी लाकडी जाळी भिंतीवर फार देखणी दिसते, पण कृष्णकमळाच्या तणाव्याला ती पट्टी कवेत घेता येत नाही. अशा जाळीवर मागच्या बाजूनं बारीक तारेची जाळी ठोकली की काम होतं आणि पुढून पट्ट्यांची शोभाही टिकते.

तिसरा गट नुसता रेलणाऱ्यांचा. बोगनवेल आणि पिवळा अलामांडा यांना खरं तर चढताच येत नाही. त्या लांब फांद्या फेकतात आणि जे सापडेल त्यावर अंग टाकतात. बोगनवेलीचे काटे अडकायला थोडी मदत करतात इतकंच. जाई-जुईही बऱ्याच अंशी अशाच रेलतात, अधूनमधून एखादा वळसा घेतात. मधुमालती पान गळल्यावर देठाचा कडक भाग काट्यासारखा मागे ठेवते आणि त्याच्या आधारानं वर सरकते. या सगळ्या वेली आपल्याला हातानं बांधाव्या लागतात. म्हणून त्यांचा आधार असा हवा की बांधायला जागोजाग आडवे दांडे मिळतील आणि शिडी लावून आपल्याला तिथे पोचता येईल. बांधायला काथ्या किंवा मऊ सुतळी घ्यावी आणि गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, सैल ठेवावी. तारेनं आवळलेली फांदी जाड होताना तार सालीत रुतते आणि एक दिवस तिथूनच मोडते.

चौथा गट मुळांनी चिकटणाऱ्यांचा: नागवेल, मिरी, मनीप्लँट, भिंत झाकणारी फायकस प्युमिला. यांना खरखरीत, ओलसर पृष्ठभाग पुरतो, वेगळा सांगाडा लागत नाही. पण राहत्या घराच्या गिलाव्यावर फायकस प्युमिला चढवू नये असं माझं ठाम मत आहे. तिची मुळं रंगात आणि गिलाव्याच्या बारीक भेगांत शिरतात, पावसाळ्यात भिंत सुकू देत नाहीत, आणि ओढून काढली तर रंगाचे पापुद्रे घेऊनच निघतात. कुंपणाची जांभ्याची किंवा दगडी भिंत असेल तर मात्र तिच्यासारखी हिरवाई दुसरी नाही.

धरण्याच्या पद्धतीइतकाच महत्त्वाचा, पण सहसा कुणी न विचारणारा प्रश्न म्हणजे फूल दिसणार कुठून. पर्गोला, म्हणजे खांबांवर उघड्या तुळया टाकलेला मांडव, ही मुळात भूमध्य समुद्राकडची गोष्ट. पाँपेईच्या बागांमध्येही असे मांडव होते, आणि त्यांवर द्राक्षवेल चढवण्यात अर्थ होता, कारण द्राक्षाचा घड खाली लोंबतो. आपण पर्गोल्यावर बोगनवेल सोडतो. तिचा सगळा रंग उन्हाकडे, म्हणजे वरच्या अंगाला येतो. खाली खुर्ची टाकून बसलेल्याला दिसतात वाळक्या काड्या, आणि रंग दिसतो तो समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरून. बसण्याच्या मांडवावर लोंबत्या फुलांची वेल हवी. दक्षिणेकडच्या सह्याद्रीतली थनबर्जिया मायसोरेन्सिस या कामाला सर्वांत योग्य. तिच्या फुलोऱ्याचे दोर हातभर खाली उतरतात, पिवळी-तांबडी फुलं एकामागून एक उमलतात आणि शिंजीर त्या दोरांना उलटे लटकून मध पितात. तिला मांडवाची उंची मात्र नऊ-दहा फूट द्यावी, नाहीतर फुलं डोक्याला लागतात.

मधुमालतीही मांडवाला आणि फाटकावरच्या कमानीला शोभते. तिचे घोस खाली झुकतात. संध्याकाळी फूल पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. सुवास रात्रीचा असतो, म्हणून ती बसण्या-उठण्याच्या जागेजवळ हवी, कुंपणाच्या कोपऱ्यात टाकू नये. पण ती दांडगी आहे. वीस-पंचवीस फूट सहज जाते आणि मुळांतून नवे फुटवे काढते. तिला बोटाएवढ्या नळ्यांची कमान देणं म्हणजे दोघींवर अन्याय. गोल दीड-दोन इंची पाइपाची, आतून आडव्या पट्ट्यांनी जोडलेली, काँक्रीटमध्ये रोवलेली कमान असेल तरच मधुमालती लावावी.

कमानीची मापंही वेलीसकट धरावी लागतात. नुसती कमान चार फूट रुंद असेल तर भरगच्च वेल दोन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण फूट आत येते आणि उरलेल्या वाटेतून हातात पिशव्या घेतलेला माणूस अंग चोरून जातो. पाच फूट रुंदी आणि आठ फूट उंची हे मी किमान समजतो. गाडीचं फाटक असेल तर कमानीपेक्षा दोन स्वतंत्र खांबांवर वेगवेगळ्या वेली चढवाव्यात. वर जोडणारी एखादी तार पुरे.

आता वजन आणि वारा. ओली, भरलेली वेल जड असते हे दिसतं. ती शिडासारखी वारा अडवते हे वादळ येईपर्यंत ध्यानात येत नाही. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सहा फूट बाय सहा फूट जाळी वेलीनं गच्च भरलेली धरली तर ताशी 50 किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे 40 किलोचा रेटा येतो. ताशी 110 किलोमीटरला तोच सुमारे 190 किलो होतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारे या आकड्याच्या घरात किंवा त्याहून वर होते. नारळी-पोफळीच्या बागा जिथे आडव्या झाल्या तिथे खिळ्यांनी ठोकलेल्या जाळीचं काय होणार? पुण्या-नाशिकला इतका वारा क्वचित येतो, पण वळवाच्या पावसाआधी सुटणाऱ्या वावटळी तिथेही कच्चा आधार उखडायला पुरेशा असतात. म्हणून पैसे खर्च करायचेच तर ते पायावर आणि सांध्यांवर करावेत, नक्षीवर नव्हे. सदाहरित दाट वेल नक्षी दोन वर्षांत झाकते, पाया मात्र वीस वर्षं लागतो. नक्षी दिसत राहावी असं वाटत असेल तर जुई किंवा गणेशवेलीसारखी हलकी वेल निवडावी, जिच्यातून सांगाडा झिरझिरीत दिसतो.

पाया म्हटला की जमीन आली. कोकणातल्या जांभ्यात खड्डा घेणं कष्टाचं, पण एकदा खांब बसला की हलत नाही. देशावरच्या आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत नेमकं उलटं होतं. खड्डा सहज होतो, पण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडत आकसते, आणि या फुगण्या-आकसण्यात फूटभर खोल रोवलेला खांब दोन-तीन वर्षांत तिरका होतोच. तिथे खड्डा अडीच-तीन फूट घ्यावा, तळाला आणि भोवती मुरूम भरून ठोकावा आणि मगच काँक्रीट ओतावं. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर दोन-तीन इंच काढून बाहेरच्या बाजूला उतरता ठेवावा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचत नाही. वेलीचा खड्डा या काँक्रीटपासून फूट-दीड फूट लांब घ्यावा आणि रोप तिरकं टेकवून खांबाकडे न्यावं.

साहित्यात बांबू सर्वांत स्वस्त, सर्वांत देखणा आणि सर्वांत अल्पायुषी. कच्चा बांबू जमिनीत रोवला तर एक-दोन पावसाळ्यांत बुडाशी कुजतो, आणि त्याआधीच भुंगा आतला पिष्टमय भाग पोखरून पिवळा भुसा पाडू लागतो. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात प्रक्रिया केलेला बांबू बराच टिकतो, पण हे क्षार पाण्यात धुऊन जाणारे असल्यानं तोही थेट मातीत नको, लोखंडी नळीच्या खुंटावर बसवावा. सिंधुदुर्गाकडचा माणगा जवळजवळ भरीव असतो आणि वेलींच्या आधारासाठी तो पोकळ बांबूहून कितीतरी सरस. कोकणात घरापुढच्या खळ्यातला बांबूचा मांडव पावसाळ्यानंतर घालतात आणि पावसाआधी उतरवतात. शोभेच्या वेलींनाही हीच रीत वापरता येते. गणेशवेल, गोकर्ण, वाल यांच्यासारख्या हंगामी वेलींना तीन-चार काठ्यांचं तिकाटणं करावं, माथ्याशी काथ्यानं बांधावं आणि वेल संपली की काठ्या धुऊन, वाळवून कोरड्यात ठेवाव्यात. कमी खर्चात एवढं सुंदर दुसरं काही नाही, आणि लहान बागेत मी सर्वांत आधी हेच सुचवीन.

लाकडात सागाला तोड नाही, पण नवा साग महाग. जुने वाडे पाडल्यावर निघालेले वासे आणि खांब मिळाले तर पर्गोल्याला त्यांच्याइतकं भक्कम आणि या मातीला शोभणारं काही नाही. लाकूड मातीत पुरू नये, लोखंडी बुटावर जमिनीपासून चार बोटं उचलून ठेवावं. बाकी स्वस्त लाकडं, पॅकिंगच्या खोक्यांतून निघणारं पाइन धरून, आपल्या पावसात वाळवीच्याच कामाची.

लोखंडाबद्दल एक बारकावा सांगायलाच हवा, कारण फॅब्रिकेटर तो सहसा सांगत नाहीत. पाइपाला गंज चढतो तो पुष्कळदा आतून. वरचं तोंड उघडं राहिलं किंवा वेल्डिंगमध्ये सुईएवढं भोक राहिलं की पावसाचं पाणी आत उतरतं आणि बुडाशी साठून राहतं. बाहेरचा रंग अजून चकचकीत असतो. एखाद्या पावसाळ्यानंतर खांबाच्या तळाशी तांबूस ओघळ दिसला तर पाइप आतून गेला असं समजावं. म्हणून प्रत्येक पाइपाला टोपण वेल्ड करून घ्यावं, सांधा पूर्ण फिरवून भरायला सांगावं, नुसते टाके मारून चालणार नाही, आणि घासून रेडऑक्साइडचे दोन हात दिल्यावरच वरचा रंग लावावा. समुद्रापासून जवळ राहणाऱ्यांनी साध्या लोखंडाचा नाद सोडून गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्यावा आणि त्यावर शक्यतो वेल्डिंग न करता नटबोल्टनं जोडणी करावी, कारण वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो आणि खारी हवा तिथूनच आत शिरते. नागपूर-चंद्रपूरकडे अडचण वेगळी. तिथे मे महिन्यातल्या उन्हात लोखंड एवढं तापतं की कोवळा शेंडा त्यावर टेकवणं नको वाटतं. दांड्यांवर काथ्याची दोरी गुंडाळली की चटका कमी होतो आणि गुळगुळीत पाइपावर वेलीला पकडही मिळते. पीव्हीसी पाइपाच्या कमानींबद्दल एवढंच, की दोन-तीन उन्हाळ्यांत त्या ठिसूळ होतात.

भिंतीवरच्या जाळीला भिंतीपासून तीन-चार इंच अंतर हवं. मागून हवा खेळते, तणावे मागे वळू शकतात आणि भिंत सुकते. ही जाळी खिळ्यांनी न ठोकता वरच्या बाजूला हुकांवर अडकवावी आणि वेल हलकी ठेवावी, म्हणजे घराला रंग द्यायच्या वेळी वरचे हुक सोडून जाळी वेलीसकट अलगद पुढे झुकवता येते.

गॅलरीतल्या बागेला मांडवाचा हट्ट नको. तिथे वजनाचा, गळतीचा आणि सोसायटीच्या नियमांचा प्रश्न असतो, शिवाय उंच मजल्यावर वारा जास्त. पंधरा इंची कुंडी, तिच्या मागे खालून वर ताणलेल्या चार-पाच सुतळ्या किंवा नायलॉनची जाळी, आणि तीवर गोकर्ण, गणेशवेल किंवा छाटून आटोक्यात ठेवलेली जुई, एवढ्यावर भागतं. बोगनवेल कुंडीत चांगली फुलते, मुळं आवळलेली आणि पाणी बेताचं असलं की उलट अधिकच, पण तिला झुडपासारखी छाटून ठेवावी.

जिवंत झाडाचा आधार हा सगळ्यांत जुना मार्ग. कालिदासाच्या शकुंतलेनं आश्रमातल्या नवमालिकेला वनज्योत्स्ना हे नाव ठेवलं होतं आणि ती वेल आंब्याला बिलगलेली होती. सांगली-मिरजेकडच्या पानमळ्यांत नागवेल आजही शेवरी, शेवगा, हादगा यांच्यावर चढते, कोकणच्या वाड्यांत मिरी पोफळीवर. आपल्या अंगणात हे करताना झाडाची आणि वेलीची ताकद जुळायला हवी. मोठ्या आंब्यावर नागवेल किंवा मिरी खुशाल सोडावी, त्या खोडालाच राहतात. मधुमालती किंवा संक्रांतवेल मात्र शेंड्यापर्यंत जाऊन झाडाचं ऊन तोडते. शेवगा शोभेच्या जड वेलीला देऊ नये, त्याच्या फांद्या वाऱ्यात सहज कडकडतात.

कोणती वेल, याचं उत्तर देताना पाखरांनाही धरावं अशी माझी विनंती आहे. परदेशी वेली देखण्या आहेत, पण एखादा कोपरा ईश्वरीला द्यावा. तिची फुलं डोळ्यांत भरत नाहीत, मात्र क्रिमसन रोज फुलपाखराच्या अळ्या तिच्याच कुळातल्या पानांवर वाढतात. नाजूक वेल आहे, दोन काठ्या आणि थोडी जाळी तिला पुरते. दाट जाई-मधुमालतीत बुलबुल घरटं करतात, म्हणून छाटणीआधी वेल हातानं बाजूला सारून आत पाहावं, आणि घरट्यात पिल्लं असतील तर महिनाभर कात्री लांब ठेवावी.

सांगाडा उभा करायला दिवाळीनंतरचा कोरडा काळ चांगला. काँक्रीटला पाणी मारायला सवड मिळते, रंग नीट वाळतो, आणि जूनचे पहिले चांगले पाऊस होऊन गेले की वेल लावता येते. पहिल्या वर्षी मांडव उघडाबोडका दिसतो. त्या घाईपोटी दुसरी दांडगी वेल शेजारी लावू नये, पुढे ती दोन्हीत वरचढ होते. प्रत्येक खांबाशी गोकर्णाच्या चार बिया टोकाव्यात. दोन महिन्यांत निळी फुलं येतात. मुख्य वेलीचा एकच जोमदार शेंडा निवडून खांबाला बांधत न्यावा, बाजूचे फुटवे खुडावेत, आणि तो तुळईपर्यंत पोचला की शेंडा मोडावा म्हणजे वर फांद्या फुटतात. तोवर गोकर्णानं आपलं काम केलेलं असतं. तो कापून काढला तरी चालतो, वाळलेल्या शेंगांतलं बी तेवढं पुढच्या जूनसाठी ठेवावं.